बेटाची पट्टी: नदी सुरयांच्या विणीच्या हंगामातील प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जून २०२५

१२ जानेवारी, रविवार

आशियाई पाणपक्षी गणनेच्या निमित्ताने आमच्या गटाने या वर्षीच्या कामाला आज सुरुवात केली. १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या या गणनेत आम्ही दोन वर्षांपासून सहभागी होत असलो, तरी यंदा गणनेला जोडून विणीच्या हंगामाच्या अखेरपर्यंत नोंदी ठेवण्याचे ठरले आहे. ज्या जलाशयावर हे काम चालते तो बेळगावच्या पश्चिमेला, महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. घरटी जमिनीवर उघडी असल्यामुळे गावाचे व जलाशयाचे नाव या नोंदींत कोठेही लिहायचे नाही, असे पहिल्याच बैठकीत ठरले असून नोंदवही कोणाच्याही हाती गेली तरी हा नियम पाळला जावा, अशी अपेक्षा आहे.

सकाळी सात वाजता धुके इतके दाट होते की बांधावरून पाणी दिसत नव्हते. गळीत हंगाम चालू असल्याने उसाच्या बैलगाड्यांची घुंगरे मात्र ऐकू येत होती. आठनंतर दृश्य मोकळे झाले. हळदी-कुंकू बदके, वारकरी, शेकाट्या, छोटे पाणकावळे, पलीकडच्या काठाला चक्रवाकांची एक लहान टोळी आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे ते नदी सुरय, यांची मोजणी झाली. सुरय ३४ होते. डोक्यावरची काळी टोपी अद्याप पूर्ण भरलेली नाही, चोच मात्र पिवळीधमक आहे.

सुरय म्हणजे समुद्राचा पक्षी असा आपल्याकडे समज आहे आणि कारवारकडून आलेला माणूस हा पक्षी येथे पाहून हमखास चकित होतो. नदी सुरय मात्र गोड्या पाण्याचा पक्षी आहे. नदीपात्रातील वाळूची बेटे हे त्याचे विणीचे मूळ ठिकाण. धरणे आणि वाळूउपसा यांमुळे ती बेटे कमी होत गेल्याने त्याने जलाशयातील उघड्या पडणाऱ्या बेटांचा आसरा घेतला आहे. भद्रा जलाशयातील बेटांवरील त्याच्या मोठ्या वसाहती कर्नाटकात सर्वांना माहीत आहेत. जागतिक पातळीवर आज त्याची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात होते.

२ फेब्रुवारी, रविवार

जागतिक पाणथळ दिन. १९७१ मध्ये याच तारखेला इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांचा करार झाला, त्याची आणि त्याखालील संरक्षित स्थळांच्या रामसर यादीची माहिती शाळेत सांगून झाली. मुलांनी विचारलेला एकच प्रश्न येथे लिहून ठेवण्याजोगा आहे: “सर, मग आपला तलाव त्या यादीत का नाही?”

याचे उत्तर सोपे नाही. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांतून सिंचनासाठी खास बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत. त्यामुळे आमच्या जलाशयाला त्या नियमांचा आधार मिळत नाही. मात्र माणसाने अडवलेल्या पाण्याला संरक्षण मिळतच नाही असेही नाही. आपल्याच जिल्ह्यात धुपदाळ बंधाऱ्याच्या फुगवट्यावर घटप्रभा पक्षी अभयारण्य १९७४ पासून आहे. महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर हेही बंधाऱ्यामागचेच पाणी, आणि २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याचीच निवड झाली. विजयनगर जिल्ह्यातील अंकसमुद्र तर सरळसरळ गावतळे आहे. संवर्धन राखीव म्हणून घोषित झाल्यानंतर तेही जानेवारी २०२४ मध्ये, गदग जिल्ह्यातील मागडी तलाव व कुमठा तालुक्यातील अघनाशिनी खाडीबरोबर रामसर यादीत गेले. आमच्या जलाशयासाठी तो मार्ग लांबचा आहे. तोवर हातात उरतो १९७२ चा वन्यजीव कायदा. त्यानुसार वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे, एवढेच नव्हे तर अंडी किंवा घरटे विचलित करणे, हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येते. या शेवटच्या वाक्याला पुढे आम्हांलाच सामोरे जावे लागेल, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते. (हे वाक्य मे महिन्यात वाढवले आहे.)

२३ फेब्रुवारी, रविवार

जलाशयातील ज्या बेटावर सुरय वीण करतात त्याची उंची मोजली. साधन गवंड्याचे: पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांच्या पातळ्या जुळवायच्या. किनाऱ्याजवळ खडकाच्या कपारीत आठ फुटी बांबूची पट्टी रोवून तिच्यावर फूट आणि इंच रंगवले. ही पट्टी आमची खाजगी आहे, जलाशयाच्या सरकारी मोजपट्टीशी तिचा संबंध नाही. तिच्यावरील पाण्याची आजची पातळी ४ फूट ११ इंच. बेटाचा माथा ६ फूट २ इंचांवर येतो, आणि उन्हाळ्यात बेटाला किनाऱ्याशी जोडणारी मातीची मान ३ फूट ९ इंचांवर. म्हणजे पाणी ३ फूट ९ इंचांखाली गेले की बेट हे बेट राहत नाही.

गेल्या वर्षी येथेच घात झाला होता. मान उघडी पडल्यावर चार रात्रींत कुत्र्यांनी जवळपास सगळी वसाहत साफ केली. यंदाचे मुख्य काम त्यामुळे या मानेवर आहे.

बेटाच्या माथ्यावर गवत कमरेएवढे वाढले असून बेशरमाची झुडपेही दाट झाली आहेत. गेल्या वर्षी म्हशींना बेटावर येऊ न देण्याची विनंती आम्ही गवळ्यांना केली होती आणि ती त्यांनी पाळली, याचे हे फळ. पाहून समाधान वाटले.

२ मार्च, रविवार

मानेवर चर खणण्याच्या परवानगीचा अर्ज गेला. पहिला अर्ज आम्ही मराठीत लिहिला होता, तो खिडकीवरूनच परत आला. शेजारच्या शिक्षिका अक्कांनी तो एका संध्याकाळी कन्नडमध्ये लिहून दिला. त्यांच्या भाषांतरात आमच्या दोन पानांचे अर्धे पान झाले आणि अर्ज अधिक समजण्याजोगा झाला, हे मान्य केले पाहिजे. यापुढे नोंदवही मराठीत आणि दर महिन्याचा गोषवारा कन्नडमध्ये, अशी पद्धत ठेवायची आहे.

९ मार्च, रविवार

परवानगी मिळाली. अटी अशा: यंत्र वापरायचे नाही, माती जलाशयाबाहेर न्यायची नाही, वनरक्षकाच्या उपस्थितीतच काम करायचे. तिन्ही अटी आम्हांला सोयीच्याच आहेत.

दुपारी गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर बसलो. पाणी मागे सरेल तसतशी उघडी पडणारी गाळाची जमीन हे लोक कसतात आणि तीवर काकडी, कलिंगड, थोडा हरभरा घेतात. वसाहतीला त्यांचा उपद्रव दोनच गोष्टींचा आहे: राखणीची कुत्री, आणि पाखरे उडवण्यासाठी लावले जाणारे फटाके. कुत्री रात्री बांधून ठेवण्याला तिघेही तयार झाले. फटाक्यांऐवजी चंदेरी फिती देण्याचे आम्ही कबूल केले. मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींनी बेटाच्या भोवती, शंभर पावलांच्या आत तंगूसची (बारीक नायलॉन धाग्याची) जाळी टाकायची नाहीत असे ठरवले. गेल्या महिन्यात अशाच एका टाकून दिलेल्या जाळ्यात अडकून मेलेला पाणकावळा आम्ही त्यांना दाखवला होता, त्याचा परिणाम झाला असावा.

निघताना म्हशीवाले तात्या म्हणाले, “म्हशी जायच्या तवा माथा बोडका असायचा की हो सर. आता रान माजलंय. पाखरं वर कशाला जातील?” त्यांना चराई पुन्हा सुरू करायची आहे, म्हणून हे बोलणे असावे.

१६ मार्च, रविवार

पट्टी: ३ फूट ८ इंच. मान उघडी पडली. चौदा जणांनी सकाळी सहा ते दहा खणले. चर १२ फूट रुंद, दोन फूट खोल आणि मानेच्या या पाण्यापासून त्या पाण्यापर्यंत सुमारे ४० फूट लांब असा आखला आहे. निम्मे काम झाले, उरलेले पुढच्या गुरुवारी पहाटे पुरे करण्यात आले. गाळ इतका चिकट की खोरे उचलले की गाळ त्याच्याबरोबर येई, पण बुट्टीतून पडायला तयार नसे. शेवटी बुट्ट्यांना आतून राख लावावी, ही युक्ती गाळपेरीच्या शेतकऱ्यांनीच सांगितली.

पोहून येणाऱ्या प्राण्याला हा चर अडवणार नाही, चालत येणाऱ्याला अडवील. किनाऱ्याच्या बाजूने बाभळीच्या फांद्यांचे कुंपणही घातले आहे.

२३ मार्च, रविवार

चूक आमचीच. खणलेली माती आम्ही चराच्या काठावरच दोन ढिगांत टाकली होती. त्यांतला एक ढीग ओला असल्याने हळूहळू घसरून चरात उतरला आणि अरुंद अशी वाट तयार झाली. तिच्यावर कोल्ह्याची पावले उमटलेली होती, जाण्याची आणि येण्याचीही. पावले चिखलात स्पष्ट होती आणि त्यांच्या बाजूला कवच फुटलेले एक अंडे पडले होते. त्यात चिखलच जास्त होता. माती हाताने उचलून मागे पंचवीस पावलांवर पसरली. चर साफ होईपर्यंत दुपारचे दोन वाजले आणि त्या वेळेपर्यंत बेटाजवळ थांबावे लागले, ही दुसरी चूक.

दुसरी चूक का, हे नव्या सदस्यांसाठी लिहून ठेवतो. उन्हाळ्याच्या दुपारी पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब देण्यासाठी नव्हे, सावली देण्यासाठी. सुरय, शेकाट्या, टिटव्या यांसारखे पक्षी पाण्यात पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवतात. दुपारी माणसाने अर्धा तास पक्ष्याला उठवून ठेवले, तर अंड्याला हात न लावताही ते वाया जाऊ शकते. म्हणून बेटाच्या जवळ जायचे ते सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर.

३० मार्च, रविवार, गुढी पाडवा

पट्टी: ३ फूट २ इंच. चरात पाणी १७ इंच.

घरोघरच्या गुढ्या उभारून झाल्यावर साडेपाचला निघालो. मोजणी काहिलीतून केली. गुऱ्हाळ बंद पडल्यावर रिकामी पडलेली गुळाची काहील येथे पाणी ओलांडायला वापरतात. ती गोल असल्याने वल्हे एका बाजूने मारले तर जागच्या जागी गरगर फिरते आणि दुर्बिणीतून मोजणाऱ्याचे डोके फिरते, पण तिचा आवाज होत नाही. पक्षी तिला सरावलेले आहेत. शंभर पावलांच्या अंतरावरून दोन जणांनी स्वतंत्रपणे मोजले आणि आकडे नंतर जुळवले.

अंड्यांवर बसलेले सुरय १९. छोट्या आर्लींची सात घरटी, शेकाट्यांची चार, टिटवीची दोन. घरटे म्हणजे जमिनीतील बशीएवढा खळगा, त्यात दोन किंवा तीन अंडी. रंग वाळूचा, त्यावर तपकिरी-जांभळट ठिपके. एक घरटे अवघ्या दहा फुटांवरून पाहता आले. त्यात एका अंड्याशेजारी गोल पांढुरका खडा होता आणि मादी तो खडासुद्धा अंड्यांबरोबर चोचीने पोटाखाली ओढून घेत होती.

माथ्यावर एकही घरटे नाही. सगळी घरटी गवताच्या रेषेखाली, ३ फूट ८ इंच ते ४ फूट ६ इंच या पट्ट्यात. त्याबद्दल आज फारशी चर्चा झाली नाही.

६ एप्रिल, रविवार

पिल्लांना आडोसा म्हणून कौले ठेवण्याचा प्रयोग. वनरक्षकांच्या संमतीने, घरट्यांपासून किमान चार पावलांवर, चाळीस कौले मांडली. मंगलोरी कौले सपाट असल्याने उपयोगाची नाहीत, जुन्या घरांची नळीची कौले चांगली. गावात स्लॅब पडतील तशी ती उकिरड्यावर जात आहेत, त्यामुळे तुटवडा नाही. सव्वासहाला सुरुवात, पावणेसातला बाहेर.

१३ एप्रिल, रविवार

पट्टी: २ फूट ९ इंच.

पिल्ले बाहेर पडली आहेत. अंडी उबायला साधारण तीन आठवडे लागतात, तो हिशेब जुळला. कौलांखाली मात्र एकही पिल्लू नव्हते. काहील थांबवून तासभर बघितल्यावर कारण कळले: सगळ्या कौलांची तोंडे आम्ही पश्चिमेला, किनाऱ्याकडे केली होती, जेणेकरून आम्हांला आत दिसावे. दुपारनंतरचे ऊन नेमके तोंडातून आत जात होते. कौले उत्तरेकडे फिरवली.

त्यानंतरच्या गुरुवारी संध्याकाळी गेलेल्या दोन सदस्यांनी सहा कौलांखाली पिल्ले पाहिल्याची नोंद केली आहे. एका कौलाखाली दोन पिल्ले एकमेकांना चिकटून पडली होती. घार डोक्यावरून गेली तेव्हा बाहेरचे तिसरे पिल्लू कौलाकडे न पळता होते तेथेच मान जमिनीला टेकून निपचित पडले आणि दुर्बिणीतून नजर हलल्यावर पुन्हा सापडले नाही.

२० एप्रिल, रविवार

तक्रार लिहिणे टाळता येत नाही. शनिवारी भर दुपारी बाहेरून आलेल्या काही जणांनी बांधावरून ड्रोन उडवला आणि तो बेटावर खाली आणला. सगळी वसाहत हवेत उठली. गाळपेरीच्या शेतकऱ्याने ओरडून तो खाली उतरवायला लावला, तोवर वीस मिनिटे गेली होती. आज पाहणीत तीन घरट्यांत पालक पक्षी परतलेले दिसले नाहीत. ते ड्रोनमुळेच, असे खात्रीने म्हणता येत नाही. चित्रण करणाऱ्यांना पक्ष्यांचे प्रेम होते यात शंका नाही, आणि हीच खरी अडचण आहे. बांधावर मराठी व कन्नडमध्ये फलक लावला. फलकावर पक्ष्याचे चित्र नको, नुसते “ड्रोन उडवू नये, अंडी करपतात” एवढेच लिहावे, ही शेतकऱ्याची सूचना मानली. चित्र पाहून माणसे उलट खाली उतरतात.

२७ एप्रिल, रविवार

पट्टी: २ फूट ५ इंच.

कारवारला राहणाऱ्या एका मित्राचे पत्र आले. काळी नदीच्या मुखाशी तो पाणथळ पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो. त्याने विचारले आहे की तुम्ही पाण्याचा अंदाज कशावरून घेता. त्याच्याकडे भरती-ओहोटीचे कोष्टक असते. चिखलाटी कधी उघडी पडेल आणि पक्षी चरायला कधी उतरतील, हे त्याला महिनाभर आधी मिनिटासकट सांगता येते. आमच्याकडे असे कोष्टक नाही. कालव्याचे दार केव्हा उघडायचे हे पाळीवर ठरते, पाळी पिकावर, आणि पीक पावसावर. आमचे कोष्टक म्हणजे कालव्याचे पाणी सोडणारे पाटकरी. त्यांना फोन केला तर ते म्हणतात, “उद्या सोडायलोय बघा, चार दिवस चालतंय.” हे इतके अचूक निघते की मित्राला मी तसेच कळवले.

आजची महत्त्वाची नोंद पुढे आहे. पाणी खाली गेल्यामुळे बेटाभोवती नवा उघडा काठ तयार झाला आहे: ओलसर, बारीक वाळूचा, गवताचा मागमूस नसलेला. त्यावर नवी घरटी सुरू झाली आहेत. आज नऊ मोजली, ती सर्व २ फूट ८ इंच ते ३ फूट २ इंच या पट्ट्यात आहेत. काही जोड्या उशिरा आलेल्या असाव्यात, काही पहिली अंडी गमावलेल्या. मे अखेरपर्यंत पाणी वाढत नाही, असा आमच्या गटाचा अनुभव असल्याने काळजीचे कारण वाटले नाही.

११ मे, रविवार

पट्टी: २ फूट २ इंच. चरात पाणी पाचच इंच राहिले आहे, पण गाळ मऊ असल्यामुळे अद्याप कोणी ओलांडलेले नाही. खालच्या काठावर आता ११ घरटी.

वरच्या पट्ट्यातील पहिली पिल्ले उडू लागली. बारा जणांना हवेत पाहिले. त्यांचे उडणे अजून वेडेवाकडे आहे आणि मासा पकडायला जमत नाही, पालकांमागे ओरडत फिरतात. गेल्या वर्षी याच तारखेला हा आकडा शून्य होता. चर खणणाऱ्या चौदाही जणांना संध्याकाळी भडंग आणि चहा झाला.

२१ मे, बुधवार

काल रात्रीपासून पाऊस. हा वळीव नव्हे. वळीव गडगडतो, तासभर कोसळतो आणि ओसरतो. हा सलग, थंड, पश्चिमेकडून येणारा पाऊस आहे. अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार होत असल्याचे बातम्यांत सांगतात. पट्टी काल २ फूट १ इंच होती, आज सकाळी २ फूट ६ इंच.

खालच्या ११ घरट्यांपैकी दोनमध्ये पिल्ले बाहेर आली आहेत. उरलेल्या नऊंमध्ये अंडी आहेत.

२२ मे, गुरुवार

पट्टी सकाळी २ फूट ९ इंच, संध्याकाळी ३ फूट. पाटकऱ्यांना विचारले की कालव्यात पाणी सोडता येईल का. त्यांचे म्हणणे रास्त होते: पाऊस पडत असताना शेतात पाणी कोण घेणार?

संध्याकाळी सहा वाजता काहिलीत आम्ही तिघे होतो: वनरक्षक, महाविद्यालयात शिकणारा आमचा सर्वांत धाकटा सदस्य आणि मी. सर्वांत खालच्या खळग्यात पाणी शिरले होते आणि मादी त्यात बसून होती. तिच्या छातीपर्यंत पाणी आले तरी ती उठत नव्हती. उठली तेव्हा एक अंडे पाण्यात थोडे तरंगले आणि खळग्याच्या काठाला टेकले. तिने चोचीने ते आत ओढले. ते पुन्हा तरंगले.

मुलगा म्हणाला, “सर, दोन फूट वर उचलून ठेवू या. दोनच फूट.” वनरक्षक काही बोलले नाहीत, माझ्याकडे पाहत राहिले. मी नाही म्हटले. अंड्यांना हात लावण्यासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि ती रात्रीतून मिळत नाही. हलवलेली अंडी पक्षी स्वीकारतील याचा भरवसा नाही. वरच्या पट्ट्यात अद्याप न उडणारी पिल्ले होती आणि तिघे माणसे अंधारात तेथे फिरली असती तर ती पाण्यात उतरली असती. ही तिन्ही कारणे खरी आहेत. परतताना मुलगा एक शब्द बोलला नाही, आणि मीही त्याला ही कारणे पुन्हा सांगितली नाहीत.

२३ मे, शुक्रवार

पट्टी ३ फूट ५ इंच. नऊ घरटी पाण्याखाली. आधी फुटलेल्या दोन घरट्यांतील पिल्ले चालत वर गेली. त्यांतील तीन दिसली. एक कौलाखाली होते.

२५ मे, रविवार

काल केरळात मान्सून आला. नेहमीची तारीख १ जून, म्हणजे आठ दिवस आधी, आणि २००९ नंतर इतक्या लवकर प्रथमच. शेतकऱ्यांची धूळवाफ (पावसाआधी कोरड्या जमिनीत करायची) पेरणी अर्धवट राहिली आहे, त्यांच्यापुढे आमच्या नऊ घरट्यांचा विषय काढण्याचे धाडस झाले नाही. गाळपेरीतील कलिंगडेही गेली. पट्टी ४ फूट ४ इंच.

१ जून, रविवार

पट्टी ५ फूट १ इंच. बेट आता माथ्यापुरते उरले आहे.

आज बैठक झाली. नऊ घरटी अवकाळी पावसाने गेली, असे गोषवाऱ्यात लिहावे असा प्रस्ताव होता. तो मला पटला नाही. पाऊस लवकर आला हे खरे, पण पट्टीचे आकडे मांडून बघितले तर दुसरेच दिसते. बेटाचा माथा ६ फूट २ इंचांवर आहे आणि आजही तो कोरडा आहे. घरटी तेथे असती तर या क्षणापर्यंत एकही बुडाले नसते. पक्षी तेथे गेले नाहीत, कारण सुरयाला उघडी जमीन लागते: बसल्या जागेवरून चारी बाजूंनी येणारा शत्रू दिसला पाहिजे. माथ्यावर कमरेएवढे गवत होते. ते वाढले आम्ही म्हशी थांबवल्यामुळे. म्हशी हिवाळ्यात पोहत जात, चरत, तुडवत, आणि विणीच्या आधी माथा मोकळा करून ठेवत. तात्यांनी ९ मार्चला हेच सांगितले होते आणि त्यांचा त्यात स्वार्थ आहे असे मीच वहीत लिहून ठेवले. २३ फेब्रुवारीच्या नोंदीत तर मला त्या गवताचे समाधान वाटल्याचे लिहिलेले आहे. दोन्ही नोंदी खोडलेल्या नाहीत.

कुत्री, कोल्हा, ड्रोन, जाळी, या पायांनी आणि हातांनी येणाऱ्या संकटांचा आम्ही बंदोबस्त केला आणि तो बहुतांशी टिकला. जमीन कशी आहे हे मात्र आम्ही पक्ष्याच्या नजरेने पाहिले नाही.

धाकट्या सदस्याने बैठकीत प्रथमच तोंड उघडले. त्याचा प्रस्ताव असा: पाणी उतरू लागल्यावर, अंडी पडण्याच्या आधी, ३ फूट ६ इंचांखालच्या काठावर उसाचे पाचट पसरायचे, म्हणजे तो काठ उघडा दिसणार नाही आणि पक्षी वर जातील. माथा मोकळा आणि काठ झाकलेला, दोन्ही एकाच वर्षी. घरटे नसताना हे करायचे असल्याने अंड्यांचा प्रश्न येत नाही. तरीही अर्ज करायचा, असे ठरले. अक्कांना कळवले आहे.

१५ जून, रविवार

पट्टी ६ फूट ४ इंच, बेट दिसत नाही. पट्टी यापुढे वाचण्यात अर्थ नसल्याने बांबू काढून घेतला.

कौले गोळा करून झाली: चाळीसपैकी एकतीस मिळाली, बाकीची पाण्याखाली. एका कौलाच्या आतल्या बाजूला माशांचे बारीक काटे चिकटलेले होते.

तात्यांकडे जाऊन आलो. दिवाळीनंतर गवत वाळायच्या आत म्हशी बेटावर सोडाव्यात आणि जानेवारीअखेर बंद कराव्यात, असे बोलणे झाले. बेशरमाला म्हशी तोंड लावत नाहीत, ती झुडपे आम्ही मुळासकट काढायची. तात्यांनी दूध दिले, आणि हंगामाबद्दल काही विचारले नाही.

परतताना बुडालेल्या पंपाच्या खांबावर सुरयाचे एक यंदाचे पिल्लू बसलेले दिसले. पाठीवर खवल्यांसारखी तपकिरी किनार अजून होती. पालक मासा घेऊन दोनदा समोरून गेला, पण खांबावर दोघांना पुरेल एवढी जागा नसल्याने उतरला नाही. तिसऱ्या वेळी पिल्लूच उडाले आणि मासा हवेतच घेऊन पलीकडच्या काठाकडे गेले.